साडेदहाचे मुरमुरे

"गेलं! गेलं! पुन्हा गेलं!"

प्रतापची आरोळी तळघरातून निघाली आणि जिना चढून, दिवाणखाना ओलांडून थेट पुढच्या अंगणात पोचली. नऊ वर्षांच्या मुलाच्या छातीत एवढा आवाज मावतो कुठे, हा त्याच्या आईचा जुना प्रश्न होता. पण आई या वेळी लायब्ररीत कामावर होती आणि बाबा ट्रेन पकडून केव्हाच ऑफिसला गेले होते.

ताई मात्र धावत आली. कांचन बारा वर्षांची. केस विस्कटलेले, हातात वही आणि चेहरा असा, की जणू ती कुठे गेली नव्हतीच.

"किती वाजले?" तिने धापा टाकत विचारलं.

"दहा बत्तीस," दीपा म्हणाली. "आणि तू कुठे होतीस?"

दीपा कांचनची मैत्रीण, तिच्याच वयाची. उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकागोहून न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला, त्यांच्या घरी राहायला आली होती. तिच्या वडिलांचं डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांचं दुकान होतं. दुकानात वाढलेली मुलं जगाकडे जरा बारीक डोळ्यांनी बघतात. गिऱ्हाईक पिशवी छातीशी धरून भराभर चालायला लागलं, की काय समजायचं ते दीपाला सातव्या वर्षीच कळलं होतं. कांचनने वही तश्शीच छातीशी धरली होती.

"टोमॅटोंना पाणी घालत होते. शेजारच्या."

"रोज? एक तास? किती टोमॅटो आहेत?"

"दीपाताई, टोमॅटो मरू देत!" प्रताप कळवळला. "माझा शार्क गेला! आत्ता बोट उलटणार होती!"

टीव्हीवर शार्क नव्हता, बोट नव्हती, समुद्रही नव्हता. पडदाभर पांढरे-काळे ठिपके उड्या मारत होते. दीपाने पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं करून टाकलं होतं: मुरमुरे.

टीव्हीखालच्या रिसीव्हरवर एक छोटा मीटर होता. चित्र स्वच्छ असलं की त्याचा काटा सातवर असायचा. आत्ता तो एकवर पडला होता. कांचनने वहीत लिहिलं: सोमवार, १०.३२, काटा १.

"हे अकरा दिवस चाललंय," ती म्हणाली. "शनिवार-रविवार सोडून रोज. साडेदहाला जातं, एकच्या सुमाराला परत येतं. आणि एक गंमत बघ. जाताना झटक्यात जातं. येताना मात्र हळूहळू. दोन, तीन, पाच, सात."

"कुणीतरी मुद्दाम करतंय," दीपाने डोळे आणखी बारीक केले.

"कुणीतरी काय!" प्रताप म्हणाला. "बाबांनी सांगितलंय ना. नोव्हाक!"

कांचनने वही मिटली. जरा जास्तच जोरात.

*

१९८५ साली आपल्या अंगणात आपली स्वतःची डिश असणं ही साधी गोष्ट नव्हती. कांचनच्या बाबांनी, म्हणजे नरेंद्ररावांनी, वसंतात ती बसवून घेतली होती. दहा फुटी, पांढरी, फायबरग्लासची. मागच्या अंगणाच्या टोकाला एका खांबावर ती नैर्ऋत्येकडे तोंड करून उभी असे. घराकडे तिची पाठ. तोंडासमोर नुसतं मक्याचं शेत. तळघरातल्या रिसीव्हरवर 'ईस्ट' आणि 'वेस्ट' अशी दोन बटणं होती. ती दाबली, की मोटर घुरघुरायची आणि डिश मान वळवून आकाशातला दुसरा उपग्रह शोधायची. प्रतापने एकदा तिची घसरगुंडी करायचा प्रयत्न केला, तेव्हापासून हुकूम निघाला होता: मुलांनी डिशपासून वीस पावलं लांब राहायचं.

येत्या रविवारी घरी सत्यनारायण होता. मंडळाची तीस माणसं येणार होती. प्रसाद झाला की बाबा सगळ्यांना तळघरात नेऊन शंभर चॅनेल दाखवणार होते. आणि ही डिश रोज साडेदहाला मुरमुरे भाजत होती!

"त्याचाच उद्योग आहे हा!" संध्याकाळी बाबा टाय सोडत म्हणाले. "अकरा दिवसांपूर्वी त्याने खांबावर नवीन तार चढवली. चढवली की नाही? आणि रोज साडेदहाला त्याचा रेडिओ सुरू. टिक टिक टॅक टॅक! इंटरफिअरन्स! दुसरं काय असणार?"

शेजारचे मिस्टर नोव्हाक रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले होते. एकटे राहत. मागच्या अंगणात, शेताच्या कडेला त्यांचा चाळीस फुटी खांब होता. त्यावरच्या तारांमधून ते दूरदूरच्या माणसांशी रेडिओवर बोलत. बोलत म्हणजे मोर्स कोडमध्ये, टिंब आणि रेघांच्या भाषेत. डिश आली त्या दिवशी त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं, "तुमच्या अंगणात कुणाचा बाथटब उडून आला का?" बाबा हे अजून विसरले नव्हते.

"शुक्रवारी मी रजा टाकलीय," बाबांनी खिशातून एक पत्र काढलं. "रंगेहाथ पकडतो त्याला. आणि बाराला टाउनशिप ऑफिस बंद व्हायच्या आत हे तक्रारीचं पत्र तिथे देऊन येतो. तो खांब उतरवायलाच लागेल!"

कांचनने हातातला घास ताटात परत ठेवला. दीपाने ते पाहिलं. दीपा बघायची नाही असं काही नसायचं.

जेवण झाल्यावर दीपाने तिला मागच्या पायरीवर गाठलं. "आता बोल. टोमॅटो."

कांचनने जरा वेळ गवत उपटलं. मग म्हणाली, "मी मोर्स शिकतेय. मिस्टर नोव्हाककडे. एप्रिलपासून. शनिवारी माझी लायसन्सची परीक्षा आहे. ते स्वतःच घेणार आहेत, तसा अधिकार आहे त्यांना. पास झाले की माझं स्वतःचं नाव असेल हवेत, दीपा. जगात कुणाशीही बोलता येईल."

"आणि काकांना माहीत नाही."

"बाथटबनंतर कसं सांगणार? आणि आता खांबच गेला तर... परीक्षा गेलीच. पण त्यांना ना, बायको गेल्यापासून तेवढंच आहे. रोज साडेदहाला ओहायोचा एक म्हातारा मित्र येतो रेडिओवर. दोघं हवामान सांगतात एकमेकांना. बस, एवढंच! त्यासाठी ते दाढी करून बसतात!"

दीपानेही गवताची एक काडी उपटली. 

"यार," ती म्हणाली, "पण तोच चोर निघाला तर?"

*

मंगळवारी पाऊस लागला. धो धो. आणि टीव्ही? आरशासारखा स्वच्छ! साडेदहा वाजले, अकरा वाजले, काटा सातवरून ढळला नाही.

"पावसात जायला हवं, तर उलट राहिलं!" प्रताप चक्रावला. "नोव्हाक पावसाला घाबरतो!"

"रेडिओ घरात असतो, बावळट," कांचन म्हणाली. "आज पण ते साडेदहाला बसले होते. मी ऐकलंय."

"मग सगळ्यांना विचारू," दीपाने बाह्या सरसावल्या. "साक्षीदार नंबर एक: आजोबा!"

एकनाथआजोबा म्हणजे बाबांचे काका. मिरजेचे निवृत्त पोस्टमास्तर. प्रथमच अमेरिकेत आले होते. मागची खोली त्यांची होती. तिला अंगणात उघडणारं सरकतं काचेचं दार होतं. रोज दहाला आंघोळ, मग सोवळं नेसून पूजा. पूजा संपेपर्यंत मौन. त्या वेळात त्यांच्या खोलीत जायचं नाही, त्यांना शिवायचं नाही आणि सोवळ्याच्या धोतराला तर चुकूनही बोट लावायचं नाही. लावलं की ते झालं ओवळं! मग पुन्हा धुणं आलं. पूजेच्या बाबतीत आजोबा इतके चोख, की न्यू जर्सीतली मराठी मंडळी दर शनिवार-रविवारी त्यांना कुणाच्या ना कुणाच्या पूजेला घेऊन जात. या वेळचे शनिवार-रविवार मात्र त्यांनी घरच्या पूजेसाठी राखून ठेवले होते.

दुपारी जेवण झाल्यावर तिघांनी आजोबांना घेरलं.

"आजोबा, आमच्या डिशला कुणी हात लावताना पाहिलंत का हो?" कांचनने विचारलं.

"डिशला?" आजोबांनी चष्मा सारखा केला. "नाही गं बाई."

"तुम्ही नाही ना लावला?" दीपा म्हणाली. साक्षीदाराला सोडायचं नसतं.

"मी कशाला कुणाच्या डिशला हात लावू? शिव शिव! आणि परवा तर तुमच्या डिशमध्ये अंडं होतं. मी लांबूनच गेलो."

तिघंही ताठ झाली.

"डिशमध्ये अंडं?" प्रताप कुजबुजला. "कुणाचं?"

"कोंबडीचं. आणखी कुणाचं?" आजोबा म्हणाले आणि वामकुक्षीला गेले.

"एगिंग!" प्रतापचे डोळे बशीएवढे झाले. "कुणीतरी आपल्या डिशवर अंडी फेकतंय! हॅलोवीनला फेकतात तशी!"

पाऊस थांबल्याबरोबर प्रताप, बाबांचा हुकूम मोडून, डिशभोवती दोन फेऱ्या मारून आला. अंडं नाही, टरफल नाही, साधा डागसुद्धा नाही. पावसाने धुऊन गेलं, असं त्याचं मत पडलं. कांचनने वहीत 'अंडं?' असं लिहिलं आणि पुढे आणखी दोन प्रश्नचिन्हं काढली.

*

"तुम्ही दोघी चोर शोधताय," मिस्टर नोव्हाक बुधवारी म्हणाले. ते अर्थातच इंग्रजीत बोलत, आणि तेही चाळीस वर्षं रुळांवर घालवलेल्या माणसासारखं, मोजून. "आम्ही सिग्नल दुरुस्त करायचो, तेव्हा चोर नाही शोधायचो. आधी वेळ लिहायची. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

दीपा त्यांच्या रेडिओच्या खोलीत प्रथमच आली होती. तिने आधी टेबलाखाली पाहिलं, मग कपाटामागे.

"काय हरवलंय?" नोव्हाकनी विचारलं.

"अजून काही नाही," दीपा म्हणाली.

नोव्हाक मोठ्याने हसले. त्या खोलीत बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं असावं.

"ठीक. एक गोष्ट बदलू. आज मी रेडिओ लावतच नाही."

"पण तुमचा ओहायोचा मित्र?" कांचन म्हणाली.

"वाट बघेल बिचारा. उद्या शिव्या देईल. त्या मी तुला मोर्समध्ये ऐकवणार नाही." त्यांनी रेडिओची वायरच भिंतीतून उपटली आणि दीपाच्या हातात दिली. "धर. पुरावा."

दीपा ती वायर गळ्यात घालून बसली. दहा तीस. दहा एकतीस. दहा बत्तीस...

"गेलं!" शेजारच्या तळघरातून आरोळी आली. "पुन्हा गेलं!"

दीपाने हातातल्या वायरकडे पाहिलं. मग नोव्हाककडे. मग वायर काढून टेबलावर ठेवली.

"सॉरी, मिस्टर नोव्हाक."

"कशाबद्दल? तू टेबलाखाली पाहिलंस. मीही पाहिलं असतं."

आता चोर ते नाहीत, हे तिघांनाही पक्कं ठाऊक झालं. पण संध्याकाळी कांचनने धीर करून, मोर्सचं तेवढं वगळून, बाबांना हे सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "एक वायर काढून दाखवली म्हणजे झालं? दुसरा सेट असेल बेसमेंटमध्ये! तुम्हा मुलांना कुणीही गुंडाळतं!"

संशयाचं असंच असतं. एकदा बसला, की समोरची प्रत्येक गोष्ट त्यालाच जेवू घालते.

*

गुरुवारी कडक ऊन. दहा बत्तीसला मुरमुरे. आता तर तिघं आरोळीसुद्धा ठोकत नव्हती. नुसती मीटरकडे बघत बसली होती. एक. बराच वेळ एक. सव्वाबाराला दोन. साडेबाराला चार. एकला सात.

आणि सव्वाला आजोबा जेवायला आले. हातात पांढऱ्या धोतराची चौकोनी घडी, चेहऱ्यावर परम समाधान.

"काय ऊन आहे रे तुमच्याकडे!" ते म्हणाले. "मिरजेत असं मिळत नाही. पहिल्या दिवशी बाथरूममध्ये वाळत घातलं, कुबट वास. मंगळवारी पाऊस, पुन्हा तेच. पण छत्रीवर टाकलं, की अडीच तासांत खडखडीत!"

आजोबा आमटी भुरकायला लागले. दीपाने कांचनला कोपर मारलं.

"उन्हात? छत्रीवर?"

दोघी उठल्या. पुढच्या दाराशी छत्र्यांचं स्टँड होतं. तिन्ही छत्र्या मिटलेल्या, कोरड्या, आणि काळ्या कापडावर बारीक धूळ.

"कुठली छत्री?" दीपाने विचारलं.

 कांचन वही उलटत होती. एकदम गेलं, हळूहळू आलं. पावसात गेलंच नाही. शनिवार-रविवार आजोबा बाहेरगावी. अकरा दिवस... नाही, चौदा. आजोबांना येऊन पंधरा दिवस.

"दीपा," ती हळूच म्हणाली, "अशी कुठली गोष्ट असते, जी एकदम ओली होते आणि हळूहळू वाळते?"

दोघींनी खिडकीतून मागच्या अंगणात पाहिलं. टोकाला, उन्हात, एक प्रचंड पांढरी उलटी छत्री उभी होती.

"ओ माय गॉड," दीपा म्हणाली. "आणि त्यांना डिश म्हणजे..."

"पोह्यांची डिश! आईच्या ऑम्लेटची!"

नोव्हाकनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पाऊस म्हणजे थेंब," ते म्हणाले. "मध्ये मोकळी जागा असते. सिग्नल निसटतो. पण ओलं कापड, तेही चौपदरी, म्हणजे पाण्याची भिंत. डिशच्या तोंडासमोर तीन दांड्यांवर ते नाक असतं ना, सगळा सिग्नल तिथे गोळा होतो. त्यावर पडलं असेल तर संपलंच."

पण हे बाबांना कोण सांगणार? कांचनने सांगून पाहिलं. "बाबा, मला वाटतं, आजोबांचं धोतर..."

"कांचन!" बाबांचा आवाज चढला. "नोव्हाकला वाचवायला आता काकांवर आळ? चार दिवस पाहुणे म्हणून आलेल्या म्हाताऱ्या माणसावर? आणि धोतराने सिग्नल अडतो? पाऊस पडला तेव्हा अडला का? पुरे!"

पत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. पांढरा कोपरा वर डोकावत होता.

*

शुक्रवारी सकाळी दहाला तिघांची गुप्त बैठक भरली.

"आपणच धोतर काढून दाखवू की तुझ्या बाबांना," दीपा म्हणाली.

"शिवायचं नाही!" कांचन दचकली. "ते पूजेचं आहे. रविवारी त्यावरच सत्यनारायण. आजोबांना किती वाईट वाटेल."

"मग तुझ्या बाबांना ओढून शेताकडे नेऊ."

"बाबा येतील? आज? ते नोव्हाकवर नजर ठेवून कुंपणाशी उभे राहणार."

"मग डिशकडे माणूस जात नाही," प्रताप सहज म्हणाला, "तर डिशनेच माणसाकडे यायचं."

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. मोटर! कुंपण पूर्वेला. डिश नैर्ऋत्येकडे बघते. 'ईस्ट'चं बटण दाबून धरलं, तर ती वळत वळत कुंपणापर्यंत नाही, पण तोंडातलं दिसण्याइतकी नक्की फिरेल!

"प्रताप," कांचन म्हणाली, "तू कधीकधी माझा भाऊ शोभतोस."

योजना ठरली. कांचन मक्यात लपणार. जुलै संपत आला होता, मका तिच्या डोक्यापर्यंत आलेला. प्रताप तळघराच्या उंच खिडकीशी. दीपा बटणांवर.

"खूण शिट्टीची," कांचन म्हणाली. "मोर्समध्ये ई म्हणजे एक टिंब. एक छोटी शिट्टी, ई, ईस्ट! आणि टी म्हणजे रेघ. एक लांब शिट्टी, टी, थांब! धोतर खाली पडता कामा नये. लांब शिट्टी ऐकली, की तत्क्षणी बोट काढायचं. दीपा, तत्क्षणी!"

"दुकानातली मुलगी आहे मी. बोट ठेवायचं कधी आणि काढायचं कधी, मला कळतं."

दहा वीस. मक्याची पानं कांचनच्या गालाला कापत होती. मानेवरून घाम ओघळत होता. समोर डिशचं रिकामं पांढरं तोंड. उजव्या हाताला, कुंपणाच्या टोकाशी, बाबा हाताची घडी घालून उभे. पलीकडे खांबाशी नोव्हाक वाकून तार घट्ट करत होते.

दहा तीस. सरकतं दार उघडलं. आजोबा आले. अंगावर रेशमी कद, ओठ मिटलेले, हातात पडद्याची लांब काठी आणि तिच्या टोकावर निथळणारं धोतर. डिशच्या प्रचंड पाठीमुळे कुंपणाकडून ते दिसायची सोय नव्हती. आजोबांनी काठी उंचावली, जीभ जरा बाहेर काढून नेम धरला आणि धोतर अल्लद डिशच्या नाकावर टाकलं. दोन्ही पदर सारखे केले. मान डोलावली. परत फिरले.

"गेलंऽऽ!" तळघरातून आरोळी.

बाबा उसळलेच. "मिस्टर नोव्हाक! आत्ता! या क्षणी! काय करताय तुम्ही त्या तारेशी?"

"घट्ट करतोय," नोव्हाक सरळ होत म्हणाले.

"मी पाहिलं! हात तारेवर आणि माझं चित्र गेलं! हे पत्र आत्ता घेऊन चाललोय टाउनशिपकडे. सोमवारी हा खांब इथे दिसणार नाही!"

नोव्हाकनी खांबावर हात ठेवला.   बाबांनी पाठ वळवली. गाडीच्या किल्ल्या खुळखुळल्या.

कांचनने ओठ जुळवले. कोरडे! शिट्टीच निघेना! तिने ओठ चाटले आणि पुन्हा फुंकर मारली.

फुईट्!

घुर्रर्र... मोटर जागी झाली. डिशने मान हलवली. बाबा थबकले.

"ए! मोटर कोण फिरवतंय?"

डिश वळत होती. सावकाश, ऐटीत, लग्नातली वरमाय वळते तशी. दक्षिण... आणखी थोडी... आणि तिच्या कडेमागून पहिल्यांदा एक पांढरा पदर बाहेर आला. मग दुसरा. मग अख्खं ओलं धोतर, वाऱ्यावर फडफडत! त्याचं एक टोक सरकायला लागलं. एक वीत... दोन वीत...

फुईऽऽऽऽट्!

मोटर थांबली. तत्क्षणी. धोतर हिंदकळलं, झुललं आणि तिथेच लटकून राहिलं.

 नोव्हाकनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मिस्टर नरेंद्र," ते म्हणाले, "ही माझी फ्रीक्वेन्सी नाही."

तेवढ्यात सरकतं दार धाडकन उघडलं. पंचेचाळीस वर्षांत न मोडलेलं मौन मोडून आजोबा धावत आले. "अरे माझं धोतर! अरे, छत्री फिरायला लागली! कुणी शिवू नका! शिवू नका रे!"

"काका..." बाबांनी धोतराकडे बोट दाखवलं. "तुम्ही रोज... इथे... डिशवर?"

"डिशवर? छे! छत्रीवर!" आजोबा म्हणाले. "तुमच्या त्या यंत्रात सगळ्यांचे मोजे-बिजे फिरतात, त्यात सोवळं कसं वाळवायचं? उंच जागा हवी, कुणाचा हात न पोचणारी. ही बरी सापडली."

"काका, हीच डिश! टीव्हीची!"

आजोबांनी वर पाहिलं. खाली पाहिलं. "एवढी? मग बशीला काय म्हणता तुम्ही?"

मक्यातून कांचन बाहेर आली. तळघरातून दीपा आणि प्रताप. बाबांनी तिघांकडे पाहिलं, कांचनच्या वहीतले दोन आठवड्यांचे आकडे पाहिले आणि खिशातलं पत्र काढून त्याचे चार तुकडे केले. मग आठ. मग ते "फोन वाजतोय वाटतं" असं पुटपुटत घरात गेले. फोन वाजत नव्हता.

आजोबांनी काठीने धोतर उतरवलं. "कुणी शिवलं नाही ना?"

"नाही आजोबा," कांचन म्हणाली. "सरकायला लागलं, तेव्हा थांबवलं."

"चोर मीच निघालो म्हणायचा!" आजोबा तिच्याकडे बघत राहिले. "पण पोरी, माझ्या सोवळ्याला बोट न लावता मला पकडलंस. पोस्टात असतीस, तर तुला सुपरिंटेंडेंट केलं असतं."

नोव्हाकना हे सगळं भाषांतर करून सांगावं लागलं. त्यांनी विचार केला आणि आपल्या खांबाकडे बोट दाखवलं. कप्पीवरून दोर वर जायचा. चाळीस फूट उंच.

"त्यांना विचार," ते म्हणाले, "एवढी उंची पुरेल का?"

*

पण एक गोष्ट राहिली होती. मोठी माणसं पत्र फाडतात. 'सॉरी' म्हणायचं मात्र त्यांना नेमकं सुचत नाही. शुक्रवारी रात्री बाबांना मोर्सचं, परीक्षेचं, सगळं कळलं. ते रागावले नाहीत. "मी येतो बरोबर," एवढंच म्हणाले. आणि शनिवारी नोव्हाकांच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर, मांडीवर हात ठेवून, भिंतीवरच्या नकाशाकडे बघत बसले.

पाच मिनिटं टिंबं आणि रेघा वाजल्या. कांचनची पेन्सिल धावत राहिली. मग लेखी प्रश्न. मग नोव्हाकनी कागद तपासला. दोनदा. खूप हळू.

"एक चूक," ते म्हणाले. "चालते. पास!"

दीपा आणि प्रतापने दारातूनच एवढी आरोळी ठोकली, की मागच्या अंगणात डुलकी घेणारे आजोबा 'शिव शिव' म्हणत उठून बसले.

"लायसन्स पोस्टाने येईल," नोव्हाक म्हणाले. "पण शेवटची एक गोष्ट. मला काहीतरी पाठवून दाखव. तुझ्या मनातलं."

कांचनने बाबांकडे पाहिलं. मग मोर्सच्या बटणावर बोट ठेवलं.

टिक टॅक, टॅक टिक... खोली त्या आवाजाने भरून गेली. नोव्हाक कागदावर एकेक अक्षर उतरवत होते. अर्ध्यावर त्यांची पेन्सिल अडली. मग पुन्हा चालायला लागली. संपल्यावर त्यांनी कागद उचलला आणि बाबांच्या हातात दिला.

बाबांनी वाचलं. इंग्रजीतले मोजून चार शब्द होते: माझ्या बाबांना वाईट वाटतंय.

 बाबा स्टुलावरून उठले, टेबलापाशी आले आणि हात पुढे केला.

"बरोबर उतरवलंय तुम्ही," ते नोव्हाकना म्हणाले. "वाटतंय. खूप."

नोव्हाकनी तो हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तुमची मुलगी," ते म्हणाले, "फार स्वच्छ पाठवते."